पक्कं घर, कोंडलेला धूर: गावातल्या घराची हवा सुधारायची कशी

आमचं जुनं घर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं होतं. माय पहाटे चूल पेटवायची आणि थोड्याच वेळात कवेलूंच्या फटीफटीतून धूर वर निघायचा. डोळे झोंबायचे, आढ्याला काजळी लोंबायची, पण धुराला वाट होती. मग स्लॅब पडला. विटा आल्या, फरशी बसली, आणि चूल मात्र सैपाकघराच्या त्याच कोपऱ्यात राहिली. स्लॅबला फट नाही. खिडकी एकच, तीही मांजर शिरते म्हणून बंद. दोन वर्षांत छत काळं पडलं आणि मायला रात्रीचा खोकला लागला. घर पक्कं झालं तसा धूरही पक्क्या मुक्कामाला आला.

विदर्भातल्या बऱ्याच गावांत सध्या हेच चित्र आहे. सरकारी योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २०१६ पासून २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे. त्यात सैपाकाची जागाही मोजलेली आहे. एवढ्याशा जागेत चूल, देवघर, कापसाचा ढीग, फवारणीचा पंप आणि झोपणारी पाच माणसं. अशा घरात हवा सुधारायची तर हवा शुद्ध करणारं यंत्र विकत आणणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. आधी घाण कुठून येते ते पाहायचं, ती घराबाहेर न्यायची, जी नेता येत नाही तिला वाट करून द्यायची. मी याच क्रमाने सांगतो.

आधी एक दिवस फक्त पाहा

काही विकत घेण्याआधी एक दिवस घर नीट न्याहाळा. कवेलूत काचेचं कवेलू असेल किंवा खिडकीतून सकाळची तिरीप येत असेल, तर चूल पेटण्याआधी आणि पेटल्यावर त्या तिरिपेत किती कण नाचतात ते बघा. अर्थात डोळ्याला दिसतात ते मोठे कण. फुप्फुसात खोल उतरतात ते २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक, आणि माणसाचा केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. त्यामुळे "आता धूर दिसत नाही" म्हणजे हवा स्वच्छ झाली असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या बारीक कणांची वर्षाची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाचं मानक ४० आहे. बिनधुराड्याची चूल पेटलेली असताना बंद सैपाकघरात हा आकडा सहज काही शेकड्यांत जातो.

मग उदबत्ती घ्या. दारं-खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून ती खिडकीपाशी, दाराच्या उंबऱ्यापाशी, छताजवळ आणि चुलीच्या मागे धरा. धूर बाहेर ओढला जातो, आत ढकलला जातो की जागच्या जागी घुटमळतो ते प्रत्येक ठिकाणी बघा. घुटमळतो तिथे हवा मेलेली आहे. आमच्याकडे ती जागा नेमकी आजीच्या खाटेची निघाली.

शेवटची परीक्षा नाकाची. वावरातून परत आलात की दार उघडल्याबरोबर पहिला वास कसला येतो ते लक्षात ठेवा: काजळीचा, ओलीचा, औषधाचा की गोठ्याचा. पाच मिनिटांनी नाक सरावतं, मग काही कळत नाही.

चूल: सगळ्यात जास्त मेहनत इथेच

"चूल सोडा, गॅस घ्या" हे सांगणं सोपं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, गावोगावी सिलिंडर पोचले, आणि तरीही चुली पेटतातच. सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मात्र आपल्याच वावरात फुकट पडलेली असते. शिवाय ज्वारीची भाकर चुलीवरचीच लागते म्हणणारे घराघरात आहेत. शेजारच्या काकाजींना मी हा विषय काढला तर म्हणाले, "धुराचं काय घेऊन बसला बाप्पा, सारी उमर गेली आमची धुरात." म्हणून मी सगळं किंवा काहीच नाही असा हट्ट धरत नाही.

एका घरात चूल नेमकी किती कामांना पेटते ते आधी मोजा. आमच्याकडे तीन निघाली: आंघोळीचं पाणी, गुरांचं शिजवणं आणि आपला सैपाक. यातल्या पहिल्या दोघांना घरात असायचं काहीच कारण नाही. पाणी तापवायची चूल आम्ही सांदवाडीत टिनाच्या छपराखाली नेली. एका दुपारचं काम होतं, खर्च चार विटा आणि एक जुना टिन. हिवाळ्यात पाण्याच्या चुलीला सैपाकाइतकंच सरपण लागतं, त्यामुळे घरातला धूर या एका हलवाहलवीने जवळपास निम्म्यावर आला. जागा निवडताना मात्र वारा बघा. चूल खिडकीच्या किंवा कुलरच्या बाजूला नको, नाहीतर बाहेर काढलेला धूर कुलर परत आत ओढून घेतो. मिरच्या भाजणं, मसाल्याचं खोबरं-कांदा भाजणं, रोडगे-पानगे हेही तिथेच न्या.

दुसरी गोष्ट सरपण. ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं. दोन काड्या एकमेकींवर आपटा. टणक आवाज आला तर कोरड्या, थप्प आला तर ओल्या. फेब्रुवारी-मार्चात उपटलेली पऱ्हाटी मे महिन्यापर्यंत उन्हात खणखणीत वाळते. तिचा पावसाळ्यापुरता साठा जमिनीपासून हातभर उंच माचावर, वर ताडपत्री टाकून करा, बाजू मात्र मोकळ्या ठेवा. गोवऱ्यांचा धूर लाकडापेक्षा जास्त, म्हणून गोवऱ्या बाहेरच्या चुलीला आणि लाकूड आतल्या चुलीला, अशी वाटणी जमते.

पावसाळ्यात चूल पेटत नाही म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पन्नी, बियाण्याचं रिकामं पाकीट टाकायची सवय अनेक घरांत आहे. ही आजच बंद करा. जळक्या रबर-प्लास्टिकच्या धुरात असली रसायनं असतात जी लाकडाच्या धुरात नसतात, आणि तीच भाकर शेकताना भाकरीवर बसतात. पेटवणासाठी तुराटीच्या बारीक काड्या एका डब्यात कोरड्या ठेवल्या की काम भागतं.

धुराडं

आपल्या विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं आणि धुराडं असलेली मगन चूल तिथलीच. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम काढला. त्या काळात बसवलेल्या कित्येक चुली नंतर मोडून टाकल्या गेल्या, आणि म्हातारी माणसं कारण विचारलं की एकच सांगतात: धुराडं तुंबायचं आणि साफ कोणी करायचं नाही. तेव्हा बांधण्याइतकंच साफ करणंही आधीच ठरवून घ्या.

मातीची दोन भांड्यांची चूल घरीच बांधता येते. माती, शेण आणि कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) किंवा धानाचा तूस मळून तीन-चार दिवस मुरू द्या. पुढच्या भांड्याखाली जाळ, तिथून मागच्या भांड्याकडे बोगदा, आणि मागच्या भांड्याच्या पुढे धुराड्याचं तोंड. लाकडं घालायचं तोंड मोठं ठेवू नका. जेवढं मोठं तोंड तेवढी थंड हवा आत जाते आणि ओढ कमी होते. जाळाखाली लोखंडी जाळी बसवली तर हवा खालून मिळते, लाकूड नीट जळतं आणि राख आपोआप खाली पडते. चूल दहा-पंधरा दिवस सावलीत वाळू द्या आणि पहिले दोन दिवस बारीक जाळच करा, नाहीतर तडे जातात.

पाइप आतून चार इंच रुंद हवा आणि शक्य तेवढा सरळ उभा. भिंतीतून काढायचा झाला तर काटकोनी वळण देऊ नका, तिरकं द्या, कारण काटकोनात काजळी साचते. छतावर तो निदान दोन फूट वर काढा आणि पाऊस-पाखरांसाठी टोपी बसवा. पीव्हीसीचा पाइप वितळतो, तो चालत नाही. जस्ताच्या पत्र्याचा घ्या. जुन्या सिमेंटच्या पाइपात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, तो कापू-घासू नका, त्याचे तंतू फुप्फुसाला घातक. पाइप लाकडी फाट्याला किंवा गवताच्या छपराला टेकू देऊ नका, वीतभर तरी अंतर ठेवा. नवा स्लॅब टाकणार असाल तर गवंड्याला आधीच सांगून चार इंचांहून मोठ्या पाइपचा तुकडा स्लॅबात सोडून घ्या. नंतर भोक पाडायला जास्त पैसे जातात आणि छत गळतं ते वेगळं.

वापरताना एक चूक सगळेच करतात: मागचं भांडं उचलून ठेवलं की ते भोक उघडं राहतं आणि सगळा धूर तिथून घरात येतो. सैपाक एकाच भांड्यात असेल तर मागे पाण्याचं भगोणं ठेवा, पाणी फुकट तापतं. धुराडं महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, काठीला चिंध्या बांधून वरून खाली घासा. आमच्या घरी अमावस्येला हे काम ठरलं आहे, त्यामुळे विसर पडत नाही.

गॅस आणि गोबरगॅस

सिलिंडर घरात असेल पण पुरवून वापरायचा असेल, तर कधी वापरायचा हे ठरवून वापरा. पहाटेचा चहा, रात्रीचं गरम करणं, सततच्या पावसाचे दिवस, घरात तान्हं बाळ किंवा दिवस असलेली सून असेल तो काळ, आणि कोणाला दमा असेल तर रोजच. भाकरी बाहेरच्या चुलीवर होऊ द्या. गॅसही अगदी निर्दोष नाही, त्याच्या जाळातूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, फोडणीचा धूर तर असतोच. खिडकी उघडी हवीच. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून सैपाकघरात खालच्या अंगालाही एक झरोका ठेवा.

दावणीला चार-पाच गुरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस परवडतो. त्याला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, चार-पाच माणसांचा सैपाक निघतो. हिवाळ्यात गॅस कमी सुटतो, तेव्हा चूल मोडून टाकू नका. गुरं दोनच असतील तर या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. अर्धवट भरलेले आणि मग बंद पडलेले खड्डे मी भरपूर पाहिले.

हवेला दोन दारं लागतात

एकच खिडकी असलेल्या खोलीत हवा येते कुठून हे कळतं, जाते कुठून हे कळत नाही. समोरासमोर दोन उघडी तोंडं हवीत. उघडणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचं एकूण क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या निदान दहाव्या हिश्शाएवढं धरा: दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट. गरम हवा आणि धूर वर चढतो, म्हणून आत येणारी वाट खाली आणि बाहेर जाणारी वाट छतालगत ठेवा. स्लॅबच्या घरात छताखाली समोरासमोर दोन झरोके फोडून त्यांना जाळी बसवली, तर वीज नसतानाही फरक पडतो. मांजर, साप, डास यांची भीती जाळीने जाते, खिडकी बंद ठेवायला कारण उरत नाही.

एक्झॉस्ट पंखा घ्यायचा तर खोक्यावर लिहिलेली हवेची मात्रा वाचा. दहा फूट लांब, रुंद, उंच सैपाकघराची हवा १००० घनफूट. ती तासाला पंधरा वेळा बदलायची तर तासाला १५,००० घनफूट, म्हणजे सुमारे ४२५ घनमीटर खेचणारा पंखा लागतो. तो चुलीच्या बाजूच्या भिंतीवर उंच लावा आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद करून पंखा लावला तर तो खेचणार काय? चुलीला धुराडं असेल तर आणखी सावध राहा, जोरदार पंखा धुराड्यातला धूर उलटा घरात ओढतो.

कुलरचंही असंच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कुलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात. मग तासाभरात चिकचिक सुरू होते आणि लोक कुलरला दोष देतात. कुलर खिडकीच्या बाहेर हवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, कारण आलेली ओली हवा बाहेर गेली तरच तो थंड करतो. कुलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या दर हंगामाला बदला. जुन्या ताट्यांत बुरशी धरते आणि पहिल्या दिवशीचा तो कुबट वास तिचाच. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात.

कापूस, कुटार आणि धूळ

भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा आणि त्याच्याच बाजूला झोपायचं, हे पश्चिम विदर्भात नेहमीचं झालं आहे. अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात, सकाळी सगळ्यांना शिंका. कापसाच्या धुळीत पानांचा चुरा, किडींचे अवशेष, बुरशी सगळं असतं. ठेवायचाच असेल तर झोपायच्या खोलीत नको, सपरीत किंवा वेगळ्या खोलीत, भिंतीपासून थोडा दूर, वरून जुन्या लुगड्याने पूर्ण झाकून ठेवा. नुसती ताडपत्री लावली तर आत ओल धरते. ढिगावर लेकरांना खेळू देऊ नका आणि त्या खोलीत बिडी-काडी अजिबात नाही. सोयाबीन किंवा तुरीचं कुटार गोठ्यात हलवताना नाका-तोंडाला दुपट्टा बांधतात. तो मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. एन-९५ मास्क मळणीच्या दिवसांपुरता तरी घ्या.

घर झाडायचं तर फडा मारण्याआधी पाणी शिंपडा. कोरड्या फड्याने धूळ नुसती जागा बदलते. फरशीला ओलं पोतं, मातीच्या जमिनीला सारवण. सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, पण उखणली की उलटं होतं, म्हणून पोपडे निघाले की लगेच सारवा.

विष आणि विषारी वायू

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते वावरात घडलं, पण औषधाचे डबे अजूनही कित्येक घरांत खाटेखाली असतात. झाकण लावलेल्या डब्यातूनही वास येतो म्हणजे वाफ येते. घराबाहेर कुलपाची लोखंडी पेटी करा, पंप तिथेच टांगा, फवारणीचे कपडे अंगणातच उतरवून वेगळे धुवा.

धान्यात सल्फासच्या गोळ्या टाकून कोठी झोपायच्या खोलीत ठेवणं हे त्याहून धोक्याचं आहे. ओलावा लागला की गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत रात्रीतून माणसं मरतात. घरात ही गोळी नकोच. धान्य दातांखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवा, ढोली सारवून कोरडी करा, कडुनिंबाचा पाला टाका, जमल्यास हवाबंद पिशव्या वापरा.

थंडीत शेगडी आत घेऊन दार लावून झोपण्याचंही तेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळे झोंबत नाहीत, झोपेतच सगळं संपतं. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात तर दगडी कोळशाची शेगडी पेटवायचीच बाहेर, आणि झोपण्याआधी ती घराबाहेर काढायची. डोकं दुखून मळमळ सुटली आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच तसं झालं, तर आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत, मग १०८ ला फोन.

डासांच्या कॉइलबद्दल एक आकडा पुरे: एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण हवेत सोडते असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा. गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करता तो घराकडे येणार नाही अशा बाजूने करा.

ओल

पूर्व विदर्भात पाऊस जास्त, भिंती ऑक्टोबरपर्यंत ओल्या. बुरशीचा काळा डाग दिसला की वरून रंग मारू नका. आधी पाणी कुठून मुरतं ते शोधा: स्लॅबचा उतार, फुटलेला पन्हाळा, भिंतीला लागून साचणारं आंघोळीचं पाणी. मग डाग ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, चुना द्या. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. कपाट, कोठी, गाद्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

बाहेरून येणारी हवा

पऱ्हाट्या जाळण्याच्या दिवसांत संध्याकाळी धूर जमिनीलगत बसतो. त्या दोन-तीन तासांपुरत्या वाऱ्याकडच्या खिडक्या लावा, सकाळी ऊन तापल्यावर सगळ्या उघडा. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावरच्या घरांना रस्त्याकडच्या खिडकीला ओला पडदा आणि मागच्या अंगाला जास्त उघडी खिडकी, एवढंच घरापुरतं हातात असतं. बाकीचं ग्रामसभेत मांडायचं.

आणि यंत्र? झरोके असलेल्या घरात हवा शुद्ध करणारं यंत्र फारसं काही करू शकत नाही, कारण बाहेरची हवा सतत येत राहते. कुंड्या लावून हवा शुद्ध होते हा समज १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगातून पसरला, तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. तुळस असू द्या, तिच्या भरवशावर खिडकी मात्र बंद करू नका.

एवढं करूनही घरात कोणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी फुकट होते. मायला नेलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "तंबाखू, बिडी काही?" ती नाही म्हणाली आणि विषय तिथेच थांबला. चुलीचं कोणी विचारलं नाही, मीच सांगितलं: वयाच्या बाराव्या वर्षापासून रोज दोन वेळा, चाळीस वर्षं. मग छातीची फुंकर मारायची तपासणी लिहून मिळाली. तुम्हीही आपल्या माणसाला नेलं तर तेवढं आपणहून सांगा.